विकाऊ फियाटबद्दल क्लबनं तोंड उघडावं का?

पुण्यातल्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात गेले काही महिने एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे. कुणीतरी जुनी फियाट, ॲम्बॅसेडर किंवा जीप ऑनलाइन विकायला काढतं. जाहिरातीत ठरलेली वाक्यं असतात: 'ओरिजिनल कंडिशन, सिंगल ओनर, एक रुपयाचंही काम नाही.' क्लबातला एखादा ती जाहिरात सगळ्यांसमोर टाकतो आणि तासाभरात गाडीची चिरफाड सुरू होते. स्टिअरिंग दुसऱ्या मॉडेलचं आहे, रंग कंपनीचा नाही, दाराची फट वर एक आणि खाली एक आहे म्हणजे कधीतरी ठोकलेली असणार, आणि किंमत तर काय विचारूच नका. हे सगळं उघड, विक्रेत्याला वाचता येईल असं. एका विक्रेत्यानं मध्यंतरी आमच्या सेक्रेटरींना फोन करून अर्धा तास शिव्या घातल्या. तेव्हापासून क्लबापुढे प्रस्ताव आहे की, विकाऊ गाडीवर कुणीही जाहीरपणे टीका करायची नाही. ज्याला घ्यायची असेल त्यानं खासगीत विचारावं.

माझा या प्रस्तावाला विरोध आहे. मात्र जे सदस्य माझ्या बाजूनं जोरजोरात बोलतात, त्यांच्यातल्या निम्म्यांशी माझं मुळीच पटत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी बाजाराबद्दल थोडं. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. गोलमटोल 'डुक्कर फियाट', मग 1964 पासून 1100 डी, आणि तीच गाडी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. नंतर मारुती आली आणि लोकांनी याच गाड्या भंगाराच्या भावात काढल्या. आता वारं पुन्हा फिरलंय. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत पास झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर 2023 अखेर काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले, लोकांना आपलं बालपण आठवलं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी पद्मिनीच्या इंजिनाचं झाकण उघडलं नाही असेही लोक ती विकत घ्यायला निघाले. असा गिऱ्हाईक फोटो बघतो, रंगाची चमक बघतो आणि टोकन पाठवून मोकळा होतो. गाडी नागपूरला, तो नाशिकला.

चमकणाऱ्या रंगाखाली काय असतं हे मी लहानपणापासून बघत आलोय. अब्बांचं भवानी पेठेत टिंकरिंगचं दुकान होतं. फियाटचा पत्रा कुठून सडतो हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पायाखालचा फ्लोअर, दाराखालचा लांब पट्टा, हेडलाइटच्या मागे जिथे चिखल साठतो ती मडगार्डची पोकळी, आणि डिकीत स्टेपनी ठेवतात ती जागा. या गाडीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार उचलते. म्हणून फ्लोअर आणि तो पट्टा सडला की नुसती शोभा जात नाही, गाडीची ताकद जाते. दारं लागेनाशी होतात, जॅक लावला की जॅक वर जातो आणि गाडी जागेवर राहते.

याच्यावर खरा इलाज एकच. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, नवा पत्रा घडवायचा, वेल्डिंग करून जोडायचा. दिवसांचं काम, कधी आठवड्यांचं. खोटा इलाज एका दिवसात होतो. भोकावर फायबर किंवा नुसती जाळी चिकटवायची, वर पुट्टीचा थर, घासायचं, प्राइमर, रंग. खालून काळं अंडरकोटिंग मारलं की विषय संपला. एखाद-दुसरा पावसाळा निघतो. तपासायला यंत्र लागत नाही, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पुरतं. पत्रा असेल तिथे ते चिकटतं, पुट्टीच्या जाड थरावरून घसरून पडतं. आमच्या दुकानात शाळकरी पोरांनाही हा खेळ ठाऊक होता.

अब्बा असं वरवरचं काम करायचे का? करायचे. दुकानाचं भाडं त्यांनाही होतं, आणि मालक म्हणाला, 'उस्ताद, विकायचीच आहे, दिसण्यापुरतं करा', तर ते करून द्यायचे. पण गाडी घेणारा माणूस ती दाखवायला त्यांच्याकडेच घेऊन आला तर आत काय आहे ते सांगून टाकायचे. एकदा यावरून एका मालकानं दुकानात येऊन आरडाओरडा केला. त्याच्या तीन गाड्या आमच्याकडे यायच्या, त्या बंद झाल्या. अब्बा एवढंच म्हणाले, "मेरे हात का काम है. मेरेकूच आके पूछा, तो क्या बोलूं?" अम्मीला मात्र हे तत्त्वज्ञान त्या महिन्यात फार महाग पडलं, हेही सांगायला हवं.

आता प्रस्तावाकडे येतो. प्रस्ताव मांडणारे म्हणतात, गप्प बसल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. विकणारा आणि घेणारा बघून घेतील. कायदाही वरवर पाहता त्यांच्याच बाजूचा वाटतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिथे घोड्याचं एक उदाहरण दिलंय. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण कायदा तिथेच थांबत नाही. घेणारी त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन. विकणारा गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच मानलं जातं.

हे कलम विकणाऱ्याला लागू आहे, क्लबाला नाही, हे मला कळतं. मात्र आमच्या क्लबात काय घडतं ते पाहा. जाहिरात येते आणि टीका बंद असली तरी कौतुक बंद नसतं. 'वा, काय रंग आहे!' 'अशी गाडी आता बघायला मिळत नाही!' खाली पंधरा-वीस अंगठे. यातल्या निदान चौघांना फोटोवरूनच कळलेलं असतं की फ्लोअर गेलेला आहे. नाशिकचा तो नवखा माणूस हे सगळं वाचतो आणि समजतो, क्लबातल्या जाणत्यांनी गाडी पाहिली, कुणी काही म्हटलं नाही, म्हणजे ठीक असणार. घोड्याच्या तिसऱ्या उदाहरणात आणि यात मला फारसं अंतर दिसत नाही. ज्यांना खरोखरच अलिप्त राहायचंय त्यांनी मग कौतुकही बंद करावं. हा मुद्दा बैठकीत मांडला तेव्हा खोली एकदम शांत झाली. कौतुक बंद करायला कुणी तयार नव्हतं.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला होता, 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. खराब गाडी आणि चांगली गाडी गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब तेवढ्या उरतात. म्हणजे आपण गप्प बसतो तेव्हा नुकसान फक्त फसलेल्याचं होत नाही. ज्यानं सहा महिने खपून खरा पत्रा घातला, त्यालाही पुट्टीवाल्याच्या रांगेत उभं राहावं लागतं.

आमच्याकडचे एक बुजुर्ग सदस्य, स्वतः मिस्त्री, म्हणाले की कुणाच्या मालाचं असं चारचौघांत उणं काढणं म्हणजे गीबत झाली. त्यांचा मान राखून मी म्हटलं, चाचा, माणसाच्या पाठीमागे त्याच्या स्वभावाबद्दल बोलणं आणि विकायला ठेवलेल्या मालाबद्दल त्याच्यासमोर बोलणं, यात फरक आहे. सरकारी कायद्यातही तो आहे. बदनामीच्या कलमाला, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचं 499 आणि आताच्या न्याय संहितेचं 356, दहा अपवाद आहेत. दहावा अपवाद असा की, एखाद्याच्या भल्यासाठी किंवा लोकहितासाठी सद्भावनेनं दिलेला इशारा ही बदनामी नाही. सगळी गंमत 'सद्भावना' या शब्दात आहे. चाचांनी मान हलवली आणि म्हणाले, "वो तो ठीक है बेटा, मगर यहाँ कितनों के पास है?"

त्यांचा टोला बरोबर जागी बसला होता. माझ्या बाजूच्या लोकांशी माझं पटत नाही ते इथेच.

मुंबईच्या एका निवृत्त टॅक्सीवाल्याच्या मुलानं मध्यंतरी वडिलांची पद्मिनी विकायला काढली. जाहिरात इतकी प्रामाणिक होती की मी ती जपून ठेवलीय. टॅक्सी होती, वयोमर्यादा संपली तेव्हा खासगी नोंदणी करून घेतली, सीएनजी काढलाय, डिकीत टाकीच्या ब्रॅकेटची भोकं तशीच आहेत, इंजिन एकदा बदललंय आणि आरसी बुकात त्याची नोंद आहे. दीड लाख मागितले होते. यात उघड करायला काय शिल्लक होतं? काहीच नाही. तरी आमच्या मंडळींनी तिला सोडलं नाही. 'टॅक्सीला दीड लाख?' 'मीटर पण देणार का?' 'छताची टेप काढा, पिवळा रंग हसेल.' एकानं तर गाडीच्या सीटकव्हरवरून त्या घराची ऐपत काढली. पोरानं दोन दिवसांत जाहिरात काढून टाकली. महिन्याभरानं कळलं की चेष्टा करणाऱ्यांतल्याच एकानं फोन करून ती गाडी नव्वद हजारांना घेतली. आता ती त्याच्या बंगल्यात चौथी गाडी म्हणून उभी आहे आणि रॅलीत तो अभिमानानं सांगतो, 'ही अस्सल बॉम्बे टॅक्सी.'

मी त्याला बैठकीत विचारलं, घ्यायची होती तर हसलास कशाला? तो म्हणाला, बाजार आहे, भाव पाडावा लागतो. निदान खरं बोलला.

क्लबाच्या जाहीर टीकेतली खरी कीड ही आहे असं माझं मत आहे. टीका करणाऱ्याचा खिसा त्या गाडीत अडकलेला असतो आणि तो ते सांगत नाही. कधी त्याला तीच गाडी स्वस्तात हवी असते, कधी त्याची स्वतःची तसलीच गाडी विकायची असते. दुसरी गोष्ट, या टीकेची झळ कुणाला बसते? ज्याच्याकडे चार गाड्या आहेत त्याला फरक पडत नाही. ज्याची एकच गाडी आहे, जी विकून घराचं छप्पर किंवा मुलीची फी भागवायचीय, त्याला पडतो. आणि 'कुठल्या गल्लीतल्या मिस्त्रीनं केलंय हे काम' असं कुणी सहज लिहून जातो तेव्हा तो मिस्त्री बहुतेक वेळा आमच्याच मोहल्ल्यातला असतो. वरवरचं काम करा असं सांगणारा मालक मात्र त्या वाक्यात कुठेच नसतो.

जाणकारांचा आत्मविश्वास हाही एक वेगळाच प्रकार. ओरिजिनल म्हणजे काय, यावर लंडनच्या न्यायालयात 1990 मध्ये खटला झाला होता. 1929 आणि 1930 ची ल मान्सची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन'. ती एक कोटी पौंडांना घेण्याचा करार झाला आणि मग घेणारे म्हणाले, ही ती गाडी नव्हेच, इतके भाग बदललेत की मूळचं काही उरलं नाही. दोन्ही बाजूंनी जाणकार उभे राहिले. शेवटी न्यायमूर्तींनी ठरवलं की शर्यतीच्या वेळचं फारसं काही उरलेलं नसलं तरी गाडीचा इतिहास अखंड आहे, तिला ओल्ड नंबर वनच म्हणायचं. जिथे एकेका गाडीवर ग्रंथ लिहिले जातात तिथे ही स्थिती. आपल्याकडे लायसन्स-परमिटच्या काळात कुर्ल्याच्या फॅक्टरीला जो पुरवठादार मिळाला त्याचा भाग लागला. त्यातून गाडी पन्नास वर्षं चालवायची तर नाना पेठेतून, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जे मिळेल ते बसवावं लागलं. अशा गाडीकडे बघून एखादा छातीठोकपणे म्हणतो, 'या सालच्या गाडीला हा दिवा नव्हताच.' त्याला विचारावं, कशावरून? बहुतेकदा उत्तर येतं, माझ्या गाडीला नाही.

म्हणून बोलायचं, पण कशावर? मी क्लबापुढे ठेवलेलं म्हणणं साधं आहे. जाहिरातीत जो दावा केलाय तेवढ्यावर बोला. 'ओरिजिनल इंजिन' म्हटलंय आणि फोटोत डिझेल इंजिन दिसतंय, तर बोला. 'रस्ट फ्री' म्हटलंय आणि दाराखाली फोड आलेत, तर फोटोवर गोल करून दाखवा. 'चालू कंडिशन' एवढंच म्हटलं असेल तर तिच्या सीटच्या रंगावर तुमचं मत कुणी मागितलेलं नाही. किंमत हा विषयच नाही, ती घेणारा ठरवेल. ज्याला ती गाडी घ्यायचीय किंवा तसली विकायचीय त्यानं तोंड उघडायचं नाही, उघडलं तर आधी तसं सांगायचं. आणि लिहिण्याआधी विक्रेत्याला एक फोन करायचा. कितीतरी वेळा त्यालाच ठाऊक नसतं. वडिलांनी घेतलेली गाडी, पुट्टी कुणी कधी भरली त्याला काय माहीत?

फोनच्या मुद्द्यावर आमच्या क्लबातल्या डॉक्टरसाहेबांनी मला अडवलं. ते म्हणाले, तुम्ही विक्रेत्याला एक दिवस द्याल, तेवढ्यात कुणीतरी पंचवीस हजारांचं टोकन पाठवून बसेल, त्याचं काय? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी म्हटलं, दुपारी फोन, संध्याकाळी जाहीर. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत काय गिऱ्हाईक झोपलेलं असतं? तो वाद अजून मिटलेला नाही.

येत्या दोन-चार वर्षांत हा प्रश्न वाढणार आहे, कमी होणार नाही. केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, मात्र ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे पद्मिनी नाव मिळालेल्या सुरुवातीच्या गाड्या आता या वयात येताहेत. जाहिरातींत 'व्हीए होईल' असं दिसायला लागलंय आणि त्या दोन शब्दांवर किंमत लाखानं चढते. फ्लोअरला जाळी आणि पुट्टी लावलेली, बदललेल्या इंजिनाची आरसीत नोंदच नसलेली गाडी 'व्हीए होईल' म्हणून विकली तर घेणाऱ्याच्या हातात काय येणार, ते त्याला तपासणीच्या दिवशी कळेल.

अशाच एका जाहिरातीबद्दल मी परवा विक्रेत्याला फोन केला. 1975 ची गाडी, रंग अगदी आरशासारखा. मी म्हटलं, भाऊ, खालचे फोटो नाहीत, टाकता का? तो चिडला, तुम्हाला घ्यायची आहे का म्हणाला. मी म्हटलं, नाही. मग कशाला नाक खुपसता? मी सांगितलं, संध्याकाळी मी एवढंच लिहिणार आहे की खालचे फोटो मागितले, मिळाले नाहीत. तो आणखी चिडला आणि फोन ठेवला. पण साडेसहाला त्यानं फोटो टाकले. ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर हाताएवढा उघडा होता. 'व्हीए होईल' हे शब्द जाहिरातीतून गेले, किंमत चाळीस हजारांनी खाली आली, आणि तो माणूस माझ्याशी अजून बोलत नाही. गाडी साताऱ्याच्या एका गृहस्थांनी घेतली. पत्रा कुणाकडून कापून घ्यावा हे विचारायला त्यांनी मला फोन केला होता.